स्वस्त बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल: वेग, बेल्ट आणि मोटर (प्रकल्प नोंदी, गिरगाव)

१४ जून २०२५, शनिवार

टर्नटेबल ऑफिसातल्या एकाकडून घेतलं, घर बदलताना त्याला ते नको होतं. युरोपियन कंपनीचं तळातलं मॉडेल. एमडीएफचा पाट, मोटरीची पुली, बेल्ट, प्लास्टिकचं सब-प्लॅटर (बेल्टने फिरणारी आतली चकती), त्यावर स्टीलचं प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची तबकडी) आणि फेल्टचं मॅट. मोटर सिंक्रोनस, १६ व्होल्ट एसीवर चालणारी. भिंतीतल्या अ‍ॅडॅप्टरमधून वीज येते. मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर जायचं तर प्लॅटर उचलून बेल्ट पुलीच्या दुसऱ्या पायरीवर सरकवायचा. एवढंच यंत्र.

तक्रार शेजारच्या अप्पांची. भजनी मंडळात जन्मभर पेटी वाजवलेला माणूस, संध्याकाळी ख्यालाची रेकॉर्ड लागली की दारात खुर्ची टाकून बसतो. आज पेटीच घेऊन आले. भाता ओढत सा शोधला आणि म्हणाले, "काळी एकच्या वर आहे, पण पांढरी दोन नाही. तुझं यंत्र चढं चाललंय."

"अप्पा, तानपुरा पेटीला मिळवलेला असतोच असं कुठे आहे?"

"नसतोच. पण कालची बाईंची रेकॉर्ड, परवाची सतार, सगळे नेमके तेवढेच चढे कसे रे?"

याला उत्तर नव्हतं. एका रेकॉर्डवरून वेग ठरवता येत नाही, कारण गवई आपल्या गळ्याप्रमाणे सा धरतो. पण वेगवेगळ्या रेकॉर्डी एकाच बाजूला सारख्याच सरकल्या असतील तर गडबड यंत्रात. एका अर्धस्वराचा (काळी एक ते पांढरी दोन एवढा) फरक म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्के. अप्पांच्या कानाला खटकलं ते त्याहून बरंच कमी असणार.

१५ जून, रविवार

टेस्ट रेकॉर्डवरचा (तिच्यावर मोजमापासाठी ठरावीक सूर कापलेले असतात) ३१५० हर्ट्‌झचा ट्रॅक वाजवून फोनो प्रीअँपमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या डब्यातून) थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. सरासरी ३१८७ हर्ट्‌झ आली. म्हणजे १.१७ टक्के जास्त, ३३⅓ ऐवजी मिनिटाला ३३.७२ फेरे. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर वीस भाग वर. वीस मिनिटांची बाजू चौदा सेकंद आधी संपते. अप्पांचा कान खरा निघाला.

लॅपटॉपच्या घड्याळावर विश्वास ठेवायला हरकत नाही, त्यातल्या क्रिस्टलची चूक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. टेस्ट रेकॉर्ड मात्र चुकीची कापलेली असू शकते, म्हणून फोनच्या जायरोस्कोपने (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरने) पडताळलं. ३३⅓ म्हणजे सेकंदाला बरोबर २०० अंश, ४५ म्हणजे २७०. फोन दोनशे ग्रॅमचा आणि तोही एका बाजूला, त्यामुळे दशांशाच्या पुढे त्याचं ऐकू नये. तोही २०२ दाखवतोय.

१८ जून, बुधवार

स्ट्रोब डिस्क छापून आणली: कडेला सारख्या रेघा असलेली कागदी चकती, लुकलुकत्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात. सोपा हिशोब: आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६०००. भागिले ३३⅓ म्हणजे १८० रेघा. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच डिस्क अमेरिकेसाठीच्या असतात, त्यांत २१६ रेघा. ती डिस्क इथे लावली तर यंत्र भलतंच बिघडल्यासारखं दिसेल. ४५ साठी हिशोब पूर्णांकात येतच नाही, १३३ रेघा घेतात, म्हणजे खरं तर ४५.११.

घरातल्या एलईडी दिव्याखाली काहीच दिसलं नाही, नुसता करडा पट्टा. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी लुकलुकतच नाही. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल निऑनचा ठिपका शेवटी कामाला आला. अंधार करून तो डिस्कला जवळजवळ टेकवला की रेघा स्वच्छ दिसतात. मिनिटाला साधारण सत्तर रेघा पुढे सरकताहेत. हिशोबाने तेवढ्याच सरकायला हव्यात.

आता यातली गंमत. सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते, व्होल्टेजला नाही. निऑनही त्याच विजेवर. ग्रिड ४९.९ वर उतरली तर मोटर मंदावेल, पण दिवाही तेवढाच मंदावेल आणि रेघा स्थिरच दिसतील. म्हणून "स्ट्रोबवर परफेक्ट आहे" या बोलण्याला अशा टर्नटेबलवर अर्धाच अर्थ. तो अर्धा अर्थ मात्र फार उपयोगाचा आहे: ग्रिड काहीही करो, मेन्सवरचा (घरच्या विजेवरचा) स्ट्रोब फक्त पुली, बेल्ट आणि सब-प्लॅटर यांचं गुणोत्तर दाखवतो. टेस्ट टोन दाखवतो तो सगळ्याचा एकत्रित परिणाम. दोन्ही आकडे जुळताहेत, तेव्हा माझे १.१७ टक्के यंत्रातलेच.

तसंही ग्रिडकडे बोट दाखवता येत नव्हतं. भारतीय ग्रिड कोडचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ. त्या पट्ट्यात वेग फार तर ०.२ टक्के खाली किंवा ०.१ टक्का वर जाईल. १.१७ नाही.

(व्होल्टेज स्टॅबिलायझर लाव, असं कुणी सुचवलं तर हात जोडावेत. या मोटरीला त्याने काही फरक पडत नाही.)

२१ जून, शनिवार

व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो. सब-प्लॅटर १५० मिलिमीटर. पुलीची ३३ ची पायरी १९.५. बेल्टची जाडी ०.८५.

बेल्टची जाडी हिशोबात धरायची असते हे पुष्कळ जण विसरतात. चपटा बेल्ट पुलीवर वळतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि वेग ठरतो तो जाडीच्या मधल्या रेषेवर. म्हणून दोन्ही व्यासांत बेल्टची जाडी मिळवायची. मोटर २४ पोलची (चुंबकी टोकांची), ५० हर्ट्‌झवर मिनिटाला २५० फेरे. २० आणि थोडं भागिले १५० आणि थोडं, गुणिले २५०. माझ्या आकड्यांनी ३३.७३ आलं, मोजलेलं ३३.७२. पेन खाली ठेवलं.

मोठ्या चकतीवर अर्धा-पाऊण मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, वीस मिलिमीटरच्या पुलीवर तो सरळ अंगावर येतो. या यंत्रात बेल्ट एक दशांश मिलिमीटरने जाड झाला की वेग सुमारे ०.४३ टक्क्याने वाढतो. आधीच्या मालकाला विचारलं. मूळ बेल्ट ढिला झाल्यावर त्याने "लांबी जुळतेय" म्हणून बाजारातला कुठलातरी घातला होता. लांबी जुळली, जाडी कुणी पाहिली नाही.

२८ जून, शनिवार

पाऊस. तरी आधी नागदेवी स्ट्रीट. तिथे बेल्टची, ओ-रिंगची, बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत आणि दुकानदार मिलिमीटरमध्ये बोलतात, मात्र त्यांचे चपटे बेल्ट यंत्रांचे, जाड आणि कडक. गिरणीला चालतील. लॅमिंग्टन रोडवर टेपडेकचे बेल्ट मिळतात, ते पातळ पण आखूड. चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या एका रेकॉर्डवाल्याने डब्यातून मूठभर टर्नटेबलचे बेल्ट काढून समोर टाकले. तीन वेगवेगळ्या जागी जाडी मोजायला लागलो तर म्हणाला, "साहब, सोना नहीं है." एकाच बेल्टवर ०.५ आणि ०.७ दोन्ही निघाले. असा बेल्ट घातला तर दर फेरीला वेग हेलकावे घेणार.

शेवटी कंपनीचाच मूळ बेल्ट मागवला. सुटे भाग जमवण्यात मला मजा येते, पण बेल्टच्या बाबतीत माझं मत पक्कं झालं: घासून गुळगुळीत केलेला, सारख्या जाडीचा बेल्ट हा या वर्गातल्या टर्नटेबलचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग आहे आणि नेमकी त्याच्यावरच सगळे काटकसर करतात.

५ जुलै, शनिवार

बेल्ट आला. जाडी ०.५५, सगळीकडे. पुली आणि सब-प्लॅटरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. कापसावर काळा थर आला, तो जुन्या रबराचा. बेल्टला बोटांचं तेल लागू नये म्हणून कपड्याने धरून चढवला.

सरासरी ३१४२ हर्ट्‌झ. म्हणजे ०.२५ टक्के कमी, ३३.२५ फेरे. हिशोबाने ३३.२९ यायला हवं होतं. उरलेला फरक रबराच्या सूक्ष्म सरकण्याचा, शिवाय सुईही खोबणीत घासते, तिचा थोडा. अर्धस्वराच्या शंभरात चार भाग खाली. अप्पांनी पेटी काढली, काळी एक दाबून धरली, मान हलवली आणि चहा मागितला.

इथे थांबलं तरी चालेल. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत त्याने खरंच इथे थांबावं.

१२ जुलै, शनिवार

सरासरी वेग सुधारला, पण तानपुऱ्यावर अजून हेलकावा जाणवतो. हा दुसराच आजार. सरासरी चुकली तर सगळं गाणं सरळ वर किंवा खाली जातं, पेटी सोबत नसेल तर कळतही नाही. वेग डोलत असेल तर लांब धरलेला सूर लाटेवर बसल्यासारखा होतो, आणि तो पेटी नसतानाही कळतो. सतारीच्या जलद झाल्यात खपून जाईल, पियानो आणि तानपुऱ्यात नाही.

एक मिनिटाचा टोन घेऊन फ्रिक्वेन्सी वेळेनुसार काढली. साइन लाट, वर-खाली प्रत्येकी ०.३ टक्के, दर १.८ सेकंदांनी एक. १.८ सेकंद म्हणजे प्लॅटरची एक फेरी. संशयित तिघं: रेकॉर्डचं छिद्र मध्यावर नाही, सब-प्लॅटर मध्यावर नाही, किंवा बेल्टमध्ये कुठेतरी जाड जागा. बेल्ट सुमारे ५२० मिलिमीटरचा, त्याची फेरी जवळजवळ दोन सेकंदांची, म्हणजे १.८ च्या इतकी जवळ की दहा सेकंदांच्या नोंदीत दोन्ही वेगळे करता येत नाहीत. मिनिटभराच्या नोंदीत येतात. दोन सेकंदांवर काहीच नव्हतं. बेल्ट निर्दोष.

उरले दोघं. प्लॅटरच्या कडेला टेपचा तुकडा चिकटवला, तो कधी समोरून जातो ते नोंदवलं, मग रेकॉर्ड प्लॅटरवर अर्धा फेरा फिरवून ठेवली. लाटेचा माथा टेपबरोबर राहिला तर दोष प्लॅटरचा, रेकॉर्डबरोबर फिरला तर रेकॉर्डचा. बहुतेक सगळी लाट रेकॉर्डबरोबर फिरली! छिद्र ०.३ मिलिमीटरने बाजूला आहे. १२० मिलिमीटर त्रिज्येवर त्याचे ०.२५ टक्के होतात, आत लेबलजवळ ६० मिलिमीटरवर तोच दोष ०.५ टक्के. म्हणून बाजूच्या शेवटी सूर जास्त हलतो आणि दोष बिचाऱ्या टर्नटेबलवर जातो.

छिद्र स्पिंडलपेक्षा (मधल्या खुंटीपेक्षा) किंचित सैल असतं. सुई खोबणीत असताना टोनआर्म (सुईचा दांडा) आत-बाहेर डोलतो तो बघत, रेकॉर्ड नखाने ढकलत ढकलत, डोलणं कमीत कमी केलं. लाट ०.१ वर आली. एक पैसा न खर्चता.

१३ जुलै

सब-प्लॅटरला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावला. कडेची एकूण हालचाल ०.१२ मिलिमीटर, म्हणजे मध्य ०.०६ ने सरकलेला. ७५ त्रिज्येवर ०.०८ टक्के. उरलेली लाट बहुतेक हीच.

१९ जुलै, शनिवार

बेअरिंग साफ करून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. आईचं म्हणणं खोबरेल घाल. थंडीत बाटलीत गोठतं ते बेअरिंगमध्येही गोठेल, शिवाय चिकट होतं. नको.

२६ जुलै, शनिवार

अपग्रेडची यादी केली, कारण रात्री अकरानंतर विकायला ठेवलेल्या वस्तू बघायची सवय लागली आहे. जे विकतात ते काय दुरुस्त करतं, हे आता मोजमापांवरून कळतं.

अ‍ॅल्युमिनियमचं सब-प्लॅटर. माझ्याकडचे ०.०८ कदाचित ०.०२ वर आणेल. खरी सुधारणा आहे. पण निम्म्याहून अधिक रेकॉर्डींचं छिद्रच त्याच्या दुप्पट-तिप्पट सरकलेलं, तेव्हा ती ऐकू येणार फक्त नीट मध्यावर असलेल्या रेकॉर्डीवर. विमानाने येणार, कस्टम लागणार. सध्या नाही.

अ‍ॅक्रिलिकचं जड प्लॅटर. जडत्व वाढलं की जलद थरथर गाळली जाते, १.८ सेकंदांची संथ लाट नाही. सरासरी वेगाला तर त्याने ढिम्म फरक पडत नाही. वर प्लास्टिकच्या बेअरिंगवर भार. दिसतं मात्र झकास.

अचूक कातलेली पुली. ही गोष्ट वेगळी. पुली सेकंदाला ४.१७ वेळा फिरते. वेगाच्या डोलण्याला कान सगळ्यात तिखट असतो तो ४ हर्ट्‌झच्या आसपास; म्हणूनच मोजमापाच्या मानकात वजन तिथेच सर्वाधिक दिलेलं आहे. पुली ०.०२ मिलिमीटरने जरी वाकडी असली तरी ०.२ टक्क्याची थरथर नेमकी त्या जागी तयार होते. प्लॅटर आणि बेल्ट मिळून त्यातली बरीच पचवतात. माझ्या आलेखात ४.१७ वर छोटं टोक आहे, दुर्लक्ष करण्याजोगं. ज्याचं टोक मोठं असेल त्याने पहिला पैसा पुलीवर घालावा, प्लॅटरवर नव्हे.

कॉर्क मॅट. फेल्ट पावसाळ्यात रेकॉर्डीला चिकटून वर येतं, तेवढ्यासाठी घेतलं. वेगाशी संबंध नाही.

स्पीड बॉक्स, म्हणजे मोटरीला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज बनवून देणारा डबा. ०.२५ टक्के पण जातील, ग्रिडचं चढउतारही जाईल, ४५ साठी प्लॅटर उचलावं लागणार नाही. तयार मिळतो. पण हा घरी होण्यासारखा आहे.

३ ऑगस्ट, रविवार

मध्येच एक प्रकरण. अप्पांच्या भाच्याने न्यू जर्सीहून त्याचं जुनं टर्नटेबल आणलंय, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरसकट, आणि "गाणी रडतात" म्हणतोय. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नाही. ६० हर्ट्‌झसाठी कातलेली पुली ५० वर चालली की ३३⅓ चे २७.८ होतात, सूर तीन अर्धस्वरांपेक्षाही खाली. काळी एकचा गवई खालच्या काळी पाचात गातो. उपाय ५० हर्ट्‌झची पुली, नाहीतर मी करायला घेतलाय तसा स्पीड बॉक्स. डीसी मोटरचं टर्नटेबल असतं तर हा प्रश्नच नव्हता; तिथे वेग मोटरीच्या सर्किटमध्ये ठरतो आणि पुष्कळदा बारीक पेचकसाने लावता येतो.

९ ऑगस्ट, शनिवार

लॅमिंग्टन रोड. ईएसपी ३२ बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर), टीपीए ३११६ चिपचा क्लास-डी अँप बोर्ड (सिग्नल मोठा करणारा), २४ व्होल्टचा सीलबंद अ‍ॅडॅप्टर.

कल्पना अशी: कंट्रोलरने स्वतःच्या क्रिस्टलवरून शुद्ध साइन तयार करायची, अँपने ती मोठी करायची, मोटरीला मेन्सऐवजी ती द्यायची. मोटर दोन-चार वॉटचीच. अँप ब्रिज जोडणीत (दोन्ही टोकं उलटसुलट चालवून) २४ व्होल्टवर साधारण १६-१७ व्होल्ट एसी देतो, म्हणजे जेमतेम पुरतं. ब्रिज असल्यामुळे त्याचं एकही टोक ग्राउंडला लावायचं नाही. मोटरीवरचा फेज कॅपॅसिटर आहे तिथेच राहू दिला. २३० व्होल्टला कुठेही हात लावायचा नाही, हा नियम.

एडी ९८३३ चं (साइन लाट तयार करणाऱ्या चिपचं) तयार मॉड्यूल स्वस्त मिळत होतं. घेतलं नाही. त्यावर २५ मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल असतं आणि फ्रिक्वेन्सी बदलायची त्याची पायरी ०.०९३ हर्ट्‌झ. रेडिओच्या कामाला बारीक, पण ५० हर्ट्‌झवर ती ०.१९ टक्के होते. मला ०.२५ टक्क्याची दुरुस्ती करायची आहे! ईएसपी ३२ मध्ये ३२ बिटांचा अ‍ॅक्युम्युलेटर (लाटेतली जागा मोजत जाणारा आकडा) कोडमध्येच ठेवला, पायरीचा प्रश्न मिटला. आतला डीएसी (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) आठ बिटांचा आहे, पुढे पायऱ्या गुळगुळीत करणारा साधा आरसी फिल्टर. मोटरीला एवढी सफाई पुरे.

१६ ऑगस्ट, शनिवार

फिरलं. ५०.१३ हर्ट्‌झवर टेस्ट टोन ३१५०, एखादा हर्ट्‌झ इकडेतिकडे. मेन्सवर दुपारच्या आणि रात्रीच्या मोजमापांत तीन-चार हर्ट्‌झ फरक पडायचा, तो गेला.

४५ साठी ६७.७ हर्ट्‌झ. तिथे मोटर थांबलेल्या अवस्थेतून उचलतच नाही, जागच्या जागी थरथरते. फेज कॅपॅसिटर ५० साठी निवडलेला असतो, शिवाय कॉइलचा अडथळा फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, त्यामुळे जोर कमी पडतो. आता ५० वर सुरू करून तीन सेकंदांत ६७.७ पर्यंत चढवतो. चालतं. ४५ ला व्होल्टेजही थोडं जास्त ठेवलंय, फिल्टर खातो तेवढं भरून काढायला.

आणखी एक फायदा विकतच्या स्पीड बॉक्सांकडे बघून सुचला: मोटरीला पूर्ण व्होल्टेज फक्त सुरू होताना लागतं. फिरायला लागल्यावर १६ वरून ११ वर उतरवलं. वेग तोच, कारण तो फ्रिक्वेन्सीचा गुलाम. थरथर मात्र पाटाला बोट लावलं तरी कमी लागते. हेडफोनवर रिकाम्या खोबणीतली १०० हर्ट्‌झची घूं स्पष्ट खाली गेली. सगळ्या प्रकल्पात कानाला लगेच जाणवलेली सुधारणा ही, आणि तिचा वेगाशी काही संबंध नाही.

ईएसपीच्या उरलेल्या पिनवर एक एलईडी लावला, क्रिस्टलवरून सेकंदाला १०० लुकलुक. आता स्ट्रोब मेन्सपासून मोकळा आहे, तोच कागद पूर्ण खरं बोलतो.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. आमच्या मजल्याला लाकडी तुळया, गल्लीत ढोल. आलेखात ताशाची लय दिसतेय. मोजमापं बंद.

१३ सप्टेंबर, शनिवार

शांतता आहे तोवर शेवटची मोजणी. सरासरी ३१५०. डोलणं, नीट मध्यावर ठेवलेल्या रेकॉर्डीवर, वर-खाली ०.१ टक्का, त्यात सब-प्लॅटरचा वाटा सगळ्यात मोठा. ४.१७ चं टोक आधीच्या निम्म्यावर आलंय, व्होल्टेज उतरवल्याचा परिणाम असावा.

अप्पांना ऐकवलं. ते पेटीकडे गेलेच नाहीत, "पहिल्यांदा बेल्ट बदललास तेव्हाच झालं होतं रे," म्हणाले. ०.२५ टक्क्यासाठी महिनाभर सोल्डरिंग केलं हे त्यांना सांगितलेलं नाही.

बाकी राहिलेली कामं: बोर्डांना पत्र्याचा डबा, कारण टोनआर्मची केबल जवळ आणली की क्लास-डीची बारीक शीळ ऐकू येते. ३३-४५ साठी बटणाऐवजी फिरता स्विच. भाच्याच्या अमेरिकन टर्नटेबलची मोटर ११० व्होल्टची, म्हणजे अँपपुढे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागणार; त्याचं उघडं टोक घरात नको, आधी डबा, मग ते. सब-प्लॅटर दिवाळीनंतर बघू. भाचा तोवर न्यू जर्सीला परत गेला नसेल तर त्यालाच आणायला सांगेन.